टाकीमागची बादली

कारखान्यातल्या प्रत्येकाने संगणकावर व्यक्तिमत्त्व चाचणी द्यायची असं नव्या साहेबांनी फर्मान काढलं, तेव्हा कुलूप-तपासनीस मनातल्या मनात हसला. तयार झालेलं कुलूप लावायचं, ओढायचं, हिसडायचं, चुकीच्या किल्लीने चुचकारून बघायचं आणि तरीही उघडलं नाही तरच पुढे पाठवायचं, यात त्याचं उभं आयुष्य गेलेलं. अशा माणसाला संगणक काय उघडणार? स्वभावही कामासारखाच झाला होता. मनात काय आहे याचा तो कोणाला ताकास तूर लागू देत नसे.

साहेबांचं म्हणणं असं, की माणसाने आधी स्वतःला ओळखावं, मग शेजारच्याला, म्हणजे कामावर भांडणं होत नाहीत. इथवर ठीक होतं. पण निकालाची एक प्रत प्रत्येकाच्या घरीही जाणार होती, कारण आपला माणूस घरच्यांनाही कळायला हवा. हे ऐकल्यावर तपासनिसाचं हसू जरा आखडलं. त्याचं एक गुपित होतं.

गुपित अगदी साधं. संध्याकाळी घरी पोहोचला की तो स्कूटर लावायचा आणि वर जायच्या ऐवजी इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे जायचा. तिथे एक बादली उपडी पडलेली असायची. तिच्यावर तो अर्धा तास बसून राहायचा. सिगारेट नाही, फोन नाही, नुसतं बसणं. मग वर जाऊन म्हणायचा, "फार ट्रॅफिक होतं." बायकोवर राग होता असं मुळीच नाही. बायको चांगली होती, घर चांगलं होतं. पण कारखान्यातला तपासनीस आणि घरातला नवरा यांच्या मधे थोडा वेळ त्याला कोणीच नसायला हवं असे. आता हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? तुझ्याकडे यायच्या आधी मला बळ गोळा करावं लागतं, हे ऐकून कुठली बायको खूश होईल? तिला कळलं तर ती काही बोलणार नाही, नुसती बघत राहील, याची त्याला खरी धास्ती होती.

गिऱ्हाइकांकडून परत आलेली कुलपं ठेवायच्या खोलीत चाचणी होती. चाचणी घ्यायला आलेल्या बाईंनी त्याला संगणकासमोर बसवलं. एक उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येणार नाही आणि तीच गोष्ट फिरवून फिरवून विचारलेली असेल, तेव्हा खोटं बोलू नका, एवढं सांगून त्यांनी बाहेरून दार लावून घेतलं.

सुरुवातीचे प्रश्न सरळ होते. गर्दी आवडते का, निर्णय पटकन घेता का. तो फटाफट उत्तरं देत सुटला. मग प्रश्न आला: 'कुलूप लावल्यावर तुम्ही ते परत ओढून बघता का?' कुलपांच्या कारखान्यात हे विचारणारच, असं म्हणत त्याने 'नेहमी' दाबलं. पुढचा होता: 'निघालोय असं फोनवर सांगताना तुम्ही खरोखर निघालेले असता का?' तो खुर्चीत सावरून बसला. त्यानंतरचा: 'घसा खाकरल्याशिवाय तुम्हाला खोटं बोलता येतं का?' त्याने घसा खाकरला आणि 'हो' दाबलं.

'घराखाली पोहोचल्यावर तुम्ही लगेच वर जाता का?'

त्याने मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. फळ्यांवर परत आलेली कुलपं ओळीने पडली होती, सगळ्यांची तोंडं उघडी. त्याने 'नेहमी' दाबलं. मग बऱ्याच अवांतर प्रश्नांनंतर तेच पुन्हा आलं: 'ट्रॅफिक होतं, हे कारण तुम्ही रस्ता मोकळा असतानाही देता का?' खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्याला झालं. शेवटी पडद्यावर एकच ओळ उरली: 'तुम्ही बसता तिथे अजून एकाला जागा आहे का?'

त्याने 'नाही' दाबलं. पडदा हलला नाही. पुन्हा दाबलं. ओळ तशीच. बाईंना हाक मारावी तर त्या येऊन वाचणार. पाचावर धारण बसलेल्या माणसाने अखेर 'हो' दाबलं आणि पडदा लगेच आभार मानून काळा झाला. बाहेर कुलपांना चकाकी देणारा पॉलिशवाला आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. अर्ध्या तासाने तोही पांढराफटक होऊन बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "तुला पण ते विचारलं?"

"काय?"

"काही नाही," पॉलिशवाला म्हणाला आणि झपाझप निघून गेला.

त्या संध्याकाळी सुटी झाल्यावर कोणी फाटकापाशी रेंगाळलं नाही. सगळे एकमेकांकडे चोरून बघत सरळ घरी गेले. तपासनिसाने कानाला खडा लावला होता. स्कूटर लावली, टाकीच्या बाजूला मान वळवायची नाही असं ठरवलं आणि तडक जिना चढला.

दाराशी किल्ली काढतो तोच आतून आवाज आला. घसा खाकरल्याचा आवाज. मग कोणीतरी म्हणालं, "अगं निघालोय, ट्रॅफिक फार आहे." बोलणं त्याचं होतं, खाकरणं त्याचं होतं, शेवटचा शब्द गिळायची खोडसुद्धा त्याचीच होती. म्हणजे तो आधीच घरी आलेला होता. जन्मभर किल्ल्या हाताळलेल्या त्या माणसाला स्वतःच्या दारातलं किल्लीचं भोक सापडेना.

कसंबसं दार उघडलं. जेवणाच्या टेबलाशी बायको एकटीच लॅपटॉप घेऊन बसली होती.

"अहो, तुम्ही आत्ता कसे?" ती चक्क वैतागून म्हणाली. "मी कामात आहे."

ती लॅपटॉपवर काहीतरी लिहायचं काम करते, एवढं त्याला माहीत होतं. काय लिहिते हे विचारायचं राहून गेलं होतं. आज विचारलं, तर ती म्हणाली, चाचण्यांचे प्रश्न. माणूस खोटं कसं बोलतो ते आधी त्याच्याच आवाजात मोठ्याने बोलून बघावं लागतं, मग प्रश्न सुचतो.

"पण ते सगळं माझ्याबद्दल होतं," तो म्हणाला.

"मी जवळून एकच माणूस बघितलाय. दुसऱ्या कोणावरून लिहू?"

तो मटकन खाली बसला. "म्हणजे तुला माहीत आहे. खालचं."

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकी दिसते." तिने लॅपटॉप मिटला. "पहिल्यांदा वाईट वाटलं. एकदा रडलेसुद्धा. मग एक दिवस तुम्ही सरळ वर आलात आणि माझ्या लक्षात आलं की मलाच ते आवडलं नाही. तुम्ही खाली असता तेवढा वेळ मीही कोणाची कोणी नसते."

इतकी वर्षं बाळगलेलं ओझं उतरल्यावर माणूस हसतो तसा तो हसला. तीही हसली. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं म्हणत त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "तो शेवटचा प्रश्न मात्र फार वाईट होता गं. आणि बसायला बादली ठेवलीस, तेही कधी बोलली नाहीस."

"बादली तुम्हीच आणलीत ना?"

"मी? मी पहिल्यांदा गेलो तेव्हाच होती."

"आणि शेवटचा प्रश्न म्हणजे तो, चिडल्यावर दार आपटता का?"

त्याने जागेचा प्रश्न सांगितला. तिने लॅपटॉप उघडून आपली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, मग खालपासून वरपर्यंत पाहिली. "हा माझा नाही," ती म्हणाली. "तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"हो म्हणालो. नाही म्हटलं तर पुढेच जाईना."

दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. खाली अजून उजेड होता. टाकीमागे दोन बादल्या शेजारी शेजारी उपड्या ठेवलेल्या होत्या.

"उद्या बघू," तो म्हणाला.

"तुम्ही शब्द दिलाय," ती म्हणाली. "कोणी जागा धरून ठेवली असताना न जाणं बरं दिसत नाही." तिने स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि चपला घातल्या. तिला एकटीला पाठवणं शक्य नव्हतं. त्याने घाईघाईत कुलूप लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते ओढून न बघता तिच्यामागे उतरला.

बादल्या स्वच्छ पुसलेल्या होत्या. दोघं बसली. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता आणि त्याला वर जायची घाई नव्हती. जरा वेळाने सहज त्याची नजर वर गेली.

"स्वयंपाकघरातला दिवा तू बंद केला होतास ना?"

"हो."

दिवा लागलेला होता. वरून खिडकीतून कोणीतरी अगदी त्याच्यासारखाच घसा खाकरल्याचा आवाज आला. तो ताडकन उठू लागला, तसा तिने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"बसा हो," ती म्हणाली. "आपण खाली असतो तेवढाच वेळ त्यालाही मिळत असेल."