दौलतरावांची रिकव्हरी

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता आमच्या कारखान्याचे फोरमन दौलतराव निखाडे चार नंबरच्या टाकीत पूर्णपणे विरघळले. आमचा कारखाना दगडातून तांबं काढतो. दगड दळून पातळ ॲसिडात घातला की त्यातलं तांबं पाण्यात उतरतं आणि पाणी निळंहिरवं होतं. दौलतराव झडप तपासायला वाकले आणि तेही उतरले. विरघळणाऱ्याला त्रास होत नाही असं नियमावलीत लिहिलेलं आहे, आणि दौलतरावांनीही पुढे त्याला दुजोरा दिला. कोमट लागलं, म्हणाले.

मी या कारखान्याच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं आहे. बाटलीभर पाणी घ्यायचं आणि टाकीभराचं सांगायचं, हे माझं काम. शितावरून भाताची परीक्षा करण्याचा मला पगार मिळतो, आणि या परीक्षेत मी कधी चुकलो नाही अशी माझी त्या मंगळवारपर्यंत समजूत होती.

विरघळलेलं तांबं परत मिळवायची आमची पद्धत जुनी आणि सोपी आहे. पाण्यात भंगार लोखंड टाकायचं. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं लाल भुशासारखं धरतं. एक गेल्याशिवाय दुसरं येत नाही. दौलतरावांसाठी आम्ही दीड टन भंगार टाकलं, पण ते काही धरेनात. दोन दिवस सगळ्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी कोणीतरी त्यांची सायकल स्टँडवरून आणून टाकीत सोडली. दोन तासांत सायकल विरघळली आणि दौलतराव सीट होतं तिथे बसलेले मिळाले. ओळखीच्या लोखंडावर माणूस लवकर धरतो, हे मी तेव्हाच लिहून ठेवलं.

मग मी त्यांची तपासणी केली. उंची तीच. वजन दीड किलो कमी. तिन्ही मीटरांचे आकडे त्यांनी बरोबर वाचले आणि एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हटला. अहवालात मी लिहिलं, रिकव्हरी सत्त्याण्णव पूर्णांक चार टक्के, शेरा उत्तम. आमच्या धंद्यात पंच्याण्णवच्या वर गेलं तर पेढे वाटतात, आणि आम्ही वाटले.

सोमवारी त्यांच्या पत्नी, पंचफुलाबाई, प्रयोगशाळेत आल्या. पेढ्याचा रिकामा डबा त्यांनी घासूनपुसून परत आणला होता. मी वजनाबद्दल सांगायला लागलो, चार दिवस नीट जेवले की भरून येईल म्हणालो.

"वजन येईल भरून," त्या म्हणाल्या. "पन मानूस कमी हाय."

मी अहवाल काढून वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, पाढ्यासकट. मग त्यांनी सांगितलं की बावीस वर्षं दौलतराव दुपारी एकला जेवायला आले की घराच्या फाटकातूनच ओरडून विचारायचे, आज भाजी कोणती. त्या आतून सांगायच्या. भाजी कोणतीही असो, दौलतराव म्हणायचे, मंग बरं हाय. आता ते फाटक लावतात, हातपाय धुतात आणि वाढलेलं जेवतात. चार दिवसांत एकदाही विचारलं नाही.

हे तपासणीच्या तक्त्यात नव्हतं, असं मी म्हणालो.

"साहेब, तुमी शीत पाह्यलं," त्या म्हणाल्या. "भात तं मी वाढते."

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. अठरा वर्षांत मी हजारो नमुने तपासले, पण त्यातून जे निघतं ते कुणाच्या घरी जायचं आहे हे कधी विचारलं नव्हतं. मी बाटली घेतली आणि गाळाच्या तळ्यावर गेलो. टाकीत जे हाती लागत नाही ते सगळं धुऊन त्या तळ्यात जातं. नमुना आणून टेबलावर ठेवला. बरोबर एक वाजता बाटलीने विचारलं, "भाजी कोनती हाय आज?"

"दोडक्याची," मी म्हणालो.

"मंग बरं हाय," बाटली म्हणाली.

अहवालात मी लिहिलं, उरलेले दोन पूर्णांक सहा टक्के तळ्यात आहेत.

अडचण अशी होती की तळं भरत आलं होतं. महिनाअखेर ते सुकवून वर मुरूम टाकायचा आदेश मॅनेजर येरणे साहेबांच्या सहीने निघाला होता. मी निखाडे नवराबायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो. येरणे साहेब कोरडे दिसतात, पण बोनसच्या वेळी सगळ्यांची पोरं कितवीत आहेत ते त्यांना पाठ असतं. त्यांनी फाइल दोनदा वाचली आणि मला उपाय विचारला.

उपाय एकच होता आणि तो मी लपवला नाही. तळ्यातलं पाणी पुन्हा टाकीत घ्यायचं, दौलतरावांना पुन्हा विरघळवायचं, दोन्ही एकत्र करून पुन्हा काढायचं. नवी सायकल कारखान्याने दिलीच होती, एव्हाना ओळखीचीही झाली होती, ती वापरता आली असती. पण दर खेपेला दोनअडीच टक्के सुटतातच. आज भाजीचा प्रश्न सुटला, उद्या पाढा सुटेल किंवा आणखी काही. काय सुटेल ते आधी सांगता येत नाही.

मग दौलतराव बायकोकडे वळले. त्यांना काय हरवलंय ते आठवत नव्हतं, पण तिला ते हवं आहे हे कळत होतं.

"तू म्हनशील तं उतरतो," ते म्हणाले.

पंचफुलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "नाई," त्या म्हणाल्या. "हे आता जे म्हनाले ना, थे बी त्यातच गेलं तं? नाई उतरायचं."

"मग तळ्यावर मुरूम पडेल," येरणे साहेब म्हणाले. त्यांना ते सांगायला आवडत नव्हतं.

मी तेव्हा माझ्या आयुष्यातला एकमेव तोंडी अर्ज केला. नियमावलीत कलम एकतीस आहे. कर्मचारी आत असताना कोणतीही टाकी, खड्डा किंवा तळं बुजवता येत नाही. कर्मचारी पूर्ण असावा असं त्या कलमात कुठे म्हटलेलं नाही.

येरणे साहेबांनी कलम एकतीस वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग त्यांनी फाइलवर लिहिलं, "कर्मचारी अंशतः तळ्यात हजर. निवृत्तीपर्यंत तळं बुजवू नये. गाळासाठी दुसरं तळं खोदावं." दौलतरावांच्या निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत. निवृत्तीनंतरचं काय, हे मी विचारलं नाही आणि येरणे साहेबांनीही तो विषय काढला नाही. हजेरीची जबाबदारी माझ्यावर आली. मी रोज पावणेएकला तळ्यावर जातो आणि बारीक बुडबुडे दिसले की सही करतो.

एक वाजता पंचफुलाबाई डबा घेऊन येतात. दौलतराव पाळीवरून येतात. तिघं काठावरच्या पळसाखाली जेवतात. तिघं म्हणजे ते दोघं आणि तळं. पहिल्या दिवशी तळ्याने विचारलं तेव्हा पंचफुलाबाईंनी आधी पदर सावरला. मग त्यांनी सांगितलं, वांगं. तळं म्हणालं, मंग बरं हाय. दौलतराव मान खाली घालून जेवत होते.

असे दोन आठवडे गेले. काल मी सही करून निघतच होतो, तेवढ्यात तळ्याने विचारलं, "भाजी कोनती हाय आज?"

पंचफुलाबाईंच्या तोंडात घास होता. त्यांनी हातानेच जरा थांब अशी खूण केली. दौलतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग डब्यात पाहिलं, आणि तळ्याकडे तोंड करून म्हणाले, "चवळीची. तुझी वहिनी मस्त करते."

पंचफुलाबाईंना हसू आवरेना आणि घासही गिळता येईना. तळ्यावर बारीक बुडबुडे आले.

"मंग बरं हाय," ते म्हणालं.