मोरांच्या कोटातले अण्णा

तमाम सोलापूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जुळे सोलापूर परिसरात भर उन्हाळ्यात चादरीचा कोट आणि कानापर्यंत ओढलेली टॉवेलाची टोपी घालून फिरणारा इसम चोर, वेडा किंवा चादरींचा फिरता विक्रेता नसून आमचे शेजारी नरसय्या अण्णा आहेत. तरी कृपया जोडीचा भाव विचारू नये. ते चिडतात.

अण्णांची हयात चादरीच्या कारखान्यात नक्षी काढण्यात गेली. निवृत्तीनंतर कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं की, परदेशात म्हणे कॅमेऱ्याला चेहरा ओळखू येऊ नये असे कपडे निघालेत. झालं! घरातली मोरांची चादर शिंप्याकडे गेली.

"पिसापिसात डोळा हाय बघा," अण्णांनी मला समजावलं. "त्यात माझे दोन कुटले, हुडकत बसू दे की कॅमेऱ्याला!"

"पण हे सगळं कशाला?"

"चेहरा ही खाजगी मालमत्ता हाय, सर!"

हे वाक्य ते भाजीवालीलाही ऐकवत.

कोटाची चाचणी सात रस्ता चौकात झाली. सिग्नलच्या कॅमेऱ्याखाली अण्णा छाती काढून उभे. "वळख! वळख की!" कॅमेऱ्याचं माहीत नाही, पण झाडून सगळ्या रिक्षावाल्यांनी त्यांना लांबूनच ओळखलं.

"काय अण्णा, थंडी वाजतीय व्हय?" हवालदाराने विचारलं.

"माणसांचं सोडा ओ," अण्णा मला म्हणाले. "मशीन फसलं पायजे."

एका दुपारी आमटीचं पातेलं परत करायला गेलो, तर अण्णा स्वतःच्याच हॉलमध्ये कोट-टोपी घालून, घामाने निथळत, कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. हा कॅमेरा त्यांच्या पुण्यातल्या मुलाने, वेणूने, माणूस पाठवून बसवून घेतला होता. म्हातारं माणूस एकटं, कुठं पडलं-झडलं तर दिसावं म्हणून. अण्णांचा चेहरा त्याला शिकवलेला. परका कुणी दिसला की तिकडे वेणूचा मोबाइल बोंब मारायचा.

फोन वाजलाच. "अण्णा, घरात कोण घुसलंय?"

"मीच हाय रे. जेवलास का?"

मग नातवाचा पडलेला दात, सुनेची बदली, पुण्यातलं ट्रॅफिक, सगळं यथासांग झालं. फोन ठेवून अण्णांनी टोपी काढली आणि माझी नजर चुकवत म्हणाले, "नुसत्या बनियनवर बसलो की मशीन म्हणतंय, अण्णाच हायत, समदं ठीक. मग फोन कशाला येतोय?"

पुढे वेणू वैतागला. त्याने तिकडूनच काहीतरी सुधारणा केली आणि मशीन कोटातल्या अण्णांनाही ओळखू लागलं. फोन थांबले. अण्णांनी डोक्यात उशीचा अभ्रा घालून पाहिला, लंगडून पाहिलं, माझ्या बायकोचा गॉगल लावून पाहिला. मशीन कशालाही बधेना. शेवटी एका सकाळी त्यांनी कोट काढून थेट कॅमेऱ्यावरच टांगला, मोबाइल बंद केला आणि आमच्याकडे येऊन शेंगाचटणी-भाकरी खात बसले.

तासाभरात वेणूचा मला फोन. "सर, घरात नुसता अंधार दिसतोय. जरा बघता का?"

समोरून अण्णा हात जोडत होते. "दार बंद आहे," मी गंभीरपणे म्हणालो. हे खोटं नव्हतं. आमचं दार बंदच होतं.

संध्याकाळी वेणू धापा टाकत जिना चढला. अण्णा तोवर घरी जाऊन भात टाकून बसले होते. बापाला धडधाकट पाहून तो आधी रडवेला झाला, मग भडकला. तरातरा भिंतीपाशी गेला आणि कॅमेऱ्यावरचा कोट त्याने खसकन ओढला.

त्याच्याच खिशातला मोबाइल किंचाळला, "घरात अनोळखी व्यक्ती!"

वेणूने मोबाइल काढून पाहिला. पडद्यावर त्याचाच चेहरा. कुकरची शिट्टी झाली, तीही दचकवून गेली.

"बिघडलंय हे मशीन," तो पुटपुटला.

एवढे दिवस त्या मशीनशी उभा दावा मांडलेले अण्णा एकदम मशीनच्याच बाजूने उसळले, "मशीनला कशाला बोल लावतोस रे? त्यानं तुला ह्या घरात कधी बघितलंय कुटं!"