वनराजांची मिशी आणि तळ्याचं दार

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि त्या तळ्याच्या दाराला कॉम्प्युटर जोडलेला होता. हसू नका. जंगल पुढारलेलं होतं.

दार सांभाळायला दंतोबा हत्ती होता. पडद्यावर दोन बटणं असायची, 'दार उघडा' आणि 'दार बंद'. दोन्ही फणसाच्या पानाएवढी. दंतोबा सकाळी पहिल्यावर सोंडेचं टोक टेकवायचा, खालच्या माळावर पाणी जायचं. सगळ्यांचं पिऊन झालं की दुसऱ्यावर टेकवायचा. या कामाबद्दल त्याला तळ्याकाठच्या जांभळाखाली राहायला जागा होती. म्हातारपणी आणखी काय लागतं?

मग एक कोल्हा नवा पडदा विकायला आला. पाण्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्याने पडद्यावर वनराज सिंहाचा फोटो लावला.

"महाराज, जुन्या पडद्यात जिथं एक ठिपका मावायचा, तिथं यात चार मावतात. मिशीचा केस न् केस वेगळा बघून घ्या."

वनराज बराच वेळ मिशीकडे बघत राहिले. इतकी वर्षं गल्ल्यावर बसलोय म्हणून सांगतो, गिऱ्हाईक आरशापुढे रेंगाळलं की आपण बोलू नये. तेच विचारतं, "कधी पोचवाल?"

पडदा आला. दंतोबाने पाण्याचा प्रोग्रॅम उघडला आणि त्याला काही दिसेना. प्रोग्रॅम जुना, सरळमार्गी. बटण केवढं काढायचं ते तो ठिपके मोजून ठरवायचा. ठिपके बारीक झाले, तरी हा आपला पूर्वीइतकेच मोजत राहिला. फणसाच्या पानाची खसखस झाली. कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन दाणे, बाकी पडदाभर मिशी.

दंतोबाने अंदाजाने सोंड टेकवली. दार उघडलं. बंद करायला टेकवली, ते आणखी उघडलं.

थोड्या वेळाने भुरीकाकू सशीण निथळत आली. "दंतोबा, आम्ही पाणी प्यायला मागितलं होतं. बिळात सोडायला नव्हे."

"काकू, बटण दिसत नाही हो."

"पिल्लं झाडावर चढवून आलेय मी. सशाची पिल्लं, झाडावर! ती तरी दिसतात का बघ."

वनराजांनी दंतोबाला बोलावून घेतलं. "पुन्हा असं झालं, तर जांभूळ सोडायचं."

चौकशीला गेंडा नेमला. गेंड्याला स्वतःला चार हातांपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याने दंतोबाला चष्मा दिला. चष्म्यातून खसखस मोहरीएवढी झाली. सोंड मात्र सोंडेएवढीच राहिली.

मग गेंड्याने पडद्यावरचे ठिपके कमी करून पाहिले. बटणं मोठी झाली, पण वनराजांच्या तोंडाला काजळ फासल्यासारखं दिसू लागलं. वनराज एकदाच गुरगुरले. ठिपके परत आले.

शेवटी घारीला दृष्टी-सल्लागार नेमलं. तिला जांभळाच्या शेंड्यावर घरटं मिळालं. ती खसखस बघायची आणि चोचीने टिपायची. दंतोबाने नुसतं शेजारी उभं राहायचं. माळावर कुजबुज सुरू झाली, की हत्ती आता ठेवायचा कशाला?

"घारताई," दंतोबा एकदा म्हणाला, "इथं तळाशी बारीक काहीतरी आहे. काय लिहिलंय?"

तिथं लिहिलं होतं, 'सगळं मोठं करून दाखवा'. पुढे एक रिकामा चौकोन होता. घारीने ते आल्या दिवशीच वाचलं होतं.

"धूळ आहे, दंतोबा."

दंतोबा प्रामाणिक नोकर. आपणही काही कामाचे आहोत हे दाखवायची संधी त्याला मिळाली. घार चारा आणायला गेली, तशी त्याने सोंड ओली केली आणि धूळ नीट पुसली.

चौकोनात खूण उमटली. खसखशीची पुन्हा फणसाची पानं झाली.

दंतोबाने दार उघडलं. बंद केलं. उगाचच आणखी एकदा उघडून बंद केलं. चष्मा काढून डोळे पुसले. खाली भुरीकाकू ओरडली, "पिल्लांनो, उतरा रे! म्हाताऱ्याला दिसायला लागलं!"

घार परतली. तिने पडदा पाहिला आणि थेट वनराजांकडे गेली. "महाराज, दंतोबाने आपली मिशी झाकली."

वनराज आले. मिशीच्या जागी दोन भलीमोठी बटणं.

"महाराज, मी नुसती धूळ पुसली," दंतोबा म्हणाला. "आणि आता बघा, सगळं दिसतंय."

"आम्ही दिसत नाही," वनराज म्हणाले.

घारीने चोच मारून चौकोन रिकामा केला. मिशी उजळली. गेंड्याने प्रश्न सुटल्याचा अहवाल दिला. दंतोबाने त्याच संध्याकाळी जांभूळ सोडलं, जाताना चष्मा परत केला.

आता दार एकटी घार सांभाळते. सकाळी वेळेवर उघडते. बंद करायचं मात्र अधूनमधून राहून जातं. मग बिळात पाणी शिरतं आणि सशाची पिल्लं झाडावर चढतात. शेंड्यावरून तिला ती फार स्पष्ट दिसतात.

तात्पर्य : स्वच्छता चांगलीच. पण धूळ पुसण्याआधी तिच्यावर कुणाचं पोट चालतं, तेवढं विचारून घ्यावं.