तिसऱ्या भेटीपर्यंत काम काढायचं नाही

चाकवाल्यांनी कोर्सला नाव घातलं तेव्हाच बायकोने विचारलं होतं, "अहो, पण तिथे जाऊन करायचं काय?"

"माणसं जोडायची."

"आणि चाकं?"

चाकवाल्यांनी बायकोकडे दयेने पाहिलं. त्यांच्या शेडमध्ये सामानाच्या ट्रॉल्यांना, कपाटांना, दवाखान्यातल्या खाटांना लागणारी रबरी चाकं तयार व्हायची. म्हणजे पूर्वी व्हायची. मोठं गिऱ्हाईक तुटल्यापासून मशीनवर ताडपत्री होती आणि पाच कामगार सकाळी येऊन अंगण झाडायचे, दुपारी पुन्हा तेच अंगण झाडायचे. महिनाअखेरीपर्यंत काम आलं नाही तर मशीन विकायचं आणि पाचही जणांना घरी बसवायचं, असं नवराबायकोत ठरलं होतं. अशा वेळी माणूस चार दारं ठोठावतो. चाकवाल्यांनी कोर्स लावला.

कोर्स घेणारे गृहस्थ स्वतः कसलाही माल विकत नव्हते. धंद्यातले संबंध कसे जोपासावेत हे दुसऱ्यांना सांगणं, हाच त्यांचा धंदा. टायची गाठ सारखी करत त्यांनी सांगितलं की, पहिल्या दोन भेटींत कामाचा विषय काढणारा माणूस अडाणी समजावा. स्वतःबद्दल बोलू नका, समोरच्याला बोलतं करा. त्याचेच शेवटचे शब्द पुन्हा म्हणा, म्हणजे आपलं कुणी ऐकतंय असं त्याला वाटतं. तो उभा राहील तसे उभे राहा. आणि कार्ड? ते समोरच्याने मागितल्याशिवाय खिशातून बाहेर काढायचं नाही. चाकवाल्यांनी हे सगळं वहीत उतरवून खाली दोनदा रेघ मारली.

कोर्सनंतर कारखानदारांच्या पहिल्याच मेळाव्यात त्यांची गाठ एका जाड्या, हसऱ्या गृहस्थांशी पडली. हे दवाखान्यांसाठी लोखंडी खाटा बनवत. चारशे खाटा रंगवून तयार होत्या आणि चाकं पुरवणाऱ्याने ऐन वेळी हात वर केले होते. बिनचाकांच्या खाटा दवाखाना घेईना. थोडक्यात, सोळाशे चाकांचं गिऱ्हाईक कॉफीचा कप घेऊन चाकवाल्यांच्या पुढ्यात उभं होतं. पण हे तुम्हा-आम्हाला माहीत. त्या दोघांना कळायला मार्गच नव्हता, कारण खाटवाल्यांनीही तोच कोर्स केला होता, आधीच्या तुकडीत.

"आपण काय करता?" चाकवाल्यांनी विचारलं.

"माझं राहू द्या हो. आपलं सांगा."

"आपलं सांगा?"

"म्हणजे तुमचं."

"माझं काय, नेहमीचंच. धकाधकी."

"धकाधकी!" खाटवाले मनापासून म्हणाले.

"हो ना, धकाधकी."

एवढ्यात खाटवाल्यांच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या म्हणून त्यांनी तो जरा उचलला. चाकवाल्यांनीही लगेच डावा पाय उचलला. हे उचलून उभे आहेत म्हटल्यावर आपण पाय टेकवणं बरं दिसणार नाही, असं खाटवाल्यांना वाटलं. दोन पोक्त कारखानदार चार मिनिटं एका पायावर उभं राहून एकमेकांच्या मुलांची चौकशी करत होते. शेवटी एका वेटरला त्यांची दया आली आणि त्याने हळूच स्वच्छतागृहाचा रस्ता दाखवला. तिथेही दाराशी दोघांचं "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" इतकं चाललं की मागे रांग लागली.

"कोण भेटलं?" घरी बायकोने विचारलं.

"फार सज्जन माणूस. त्यांच्या धाकट्या मुलीला दूध आवडत नाही."

"करतो काय तो?"

"विचारलं. ताकास तूर लागू दिली नाही. मुरलेला माणूस आहे!"

बायकोने कपाळाला हात लावला.

दुसरी भेट पंधरा दिवसांनी झाली, एका कॉफीच्या दुकानात. त्या दिवशी खाटवाल्यांचा चेहरा अगदी उतरला होता. आठवड्याभरात खाटा दिल्या नाहीत तर ऑर्डर रद्द, असं दवाखान्याने सकाळीच कळवलं होतं.

"काही काळजीत आहात का?"

"आहे जरा. एक वस्तू कुठे मिळत नाहीये..."

"कामातली आहे का?" चाकवाल्यांनी घाईने विचारलं.

"हो."

"मग नका सांगू. आत्ता कुठे दुसरी भेट आहे."

खाटवाल्यांनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. एवढा सुसंस्कृत माणूस त्यांना आयुष्यात भेटला नव्हता. चाकवाल्यांच्या वरच्या खिशातून कार्डाचं टोक डोकावत होतं, तेही त्यांनी बोटाने आत ढकललं. मग दोघांनी हवेवर तासभर गप्पा मारल्या.

महिना संपला. बायकोने दलालाला बोलावलं. दलालाने मशीन पाहिलं, कुणालातरी फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक दारात आला. मशीन वर चढवायला ते पाच कामगारच लागले. ज्या हातांनी बारा वर्षं चाकं काढली त्याच हातांनी ते दोर आवळत होते, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चाकवाले शेडच्या मागे गेले आणि चक्क रडले. रडून झाल्यावर डोळे पुसले आणि खाटवाल्यांना फोन केला. "तिसरी भेट आमच्या घरी. सहकुटुंब जेवायला या."

खाटवाले एकटेच आले. बायको आणि मुलीला त्यांनी चौथ्या भेटीसाठी राखून ठेवलं होतं.

"वहिनी, आज फार मोठा दिवस!" पानावर बसता बसता ते म्हणाले. "आज कार्ड मागायला हरकत नाही."

दोघांनी एकदमच मागितली. दोघांनी दोन्ही हातांनी, किंचित वाकून दिली. दोघांनी वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"तुम्ही... चाकं करता?"

"तुम्ही खाटा?"

"अहो, चाकं मिळेनात म्हणून मी नाक घासत दवाखान्याकडून पंधरा दिवस वाढवून घेतले," खाटवाल्यांचा आवाज चिरका झाला, "आणि चाकं काढायचं एक जुनं मशीन घेतलं दलालाकडून. हिरवं. डाव्या बाजूला पोचा आलेलं."

"शिडी पडली होती त्याच्यावर," चाकवाले पुटपुटले.

"चार दिवस झाले, नुसतं उभं आहे. चालवायचं कसं तेच आम्हाला कळत नाही. त्यातून साचे नाहीत."

"साचे माझ्या कपाटात आहेत," बायको वाढता वाढता म्हणाली. "दलालाने मागितले नाहीत, मी दिले नाहीत. किती चाकं हवीत?"

"सोळाशे."

"मशीन उद्या सकाळी परत आमच्या शेडमध्ये आणून लावा. घेतलंत त्याच भावात आम्ही परत घेऊ. आमचे पाच जण दहा दिवसांत सोळाशे चाकं देतील. कबूल?"

"कबूल!"

"मग जेवा आता. गार होतंय."

एवढं बोलायला तिला एक पान वाढण्याइतकाही वेळ लागला नव्हता. दोघे कारखानदार मात्र अवघडून बसले होते. भर पंगतीत कुणीतरी बोलू नये ते बोलून गेल्यासारखे त्यांचे चेहरे झाले होते.

"वहिनी जरा थेटच बोलतात, नाही?" ती आत गेल्यावर खाटवाले हळूच म्हणाले.

"थेटच बोलते," चाकवाले सवयीने म्हणाले.

"कोर्सला पाठवा."

चाकवाल्यांनी मान डोलावली. पण तिला वेळ कुठला? दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन धडधडू लागलं आणि पाच कामगारांना अंगण झाडायला फुरसत उरली नाही. सोळाशे चाकं मुदतीच्या एक दिवस आधीच गेली. मग दुसरी ऑर्डर आली, मग तिसरी. आता खाटवाल्यांना चाकं हवी असली की ते सरळ वहिनींना फोन करतात, दोन मिनिटांत काम सांगतात आणि ठेवून देतात. चाकवाल्यांना त्यांनी अजून एकदाही कामासाठी फोन केलेला नाही. तो संबंध त्यांनी जपून ठेवला आहे. रोज सकाळी सात वाजता ते न चुकता चाकवाल्यांना मोबाईलवर गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवतात.