दत्ताजी गवळी याची इटालियन मोटार

आमच्या गल्लीतून दर दिवाळी पाडव्याला छप्पर नसलेली, दोन आसनांची, इटलीत तयार झालेली एक जुनी स्पोर्ट्स कार निघत असे आणि तिच्यामागे एक म्हैस धावत असे. हे विधान मी पूर्ण शुद्धीत व जबाबदारीने करीत आहे. म्हशीचे नाव हरणी. मोटारीच्या मालकाचे नाव दत्ताजी गवळी. हा मनुष्य माझ्या घरासमोर राहतो आणि माझ्या निवृत्तीनंतरचा बराचसा काळ त्याच्याविरुद्ध अर्ज लिहिण्यात गेला आहे.

पाडव्याला म्हशी सजवून पळवण्याची कोल्हापूरची रीत जुनी आहे. शिंगे रंगवतात, मोरपिसे लावतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, आणि मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढे निघतो. म्हैस आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखते आणि शंभर गाड्यांच्या गोंगाटात बरोबर त्याच्याच मागे धावते. हा गोंगाट कोणत्या नियमात बसतो, हे मी योग्य त्या ठिकाणी लेखी विचारलेले आहे. तथापि मोटारसायकल हे निदान गवळ्याच्या नित्य वापरातले वाहन आहे. त्यासाठी इटलीपर्यंत जाण्याचे प्रयोजन काय, असे मी दत्ताजीला समक्ष विचारले.

"इटलीत बी म्हशी हायत की, वकीलसाहेब."

"म्हणून?"

"म्हणून काय? त्यास्नी बी आवाज कळत आसंलच."

मी वकील नाही. न्यायालयाच्या कचेरीत मी नोकरी केली, वकिली केली नाही, हा फरक मी या मनुष्याला अनेकदा समजावून दिला आहे. "मग तर लई ब्येस," तो म्हणतो, "वकील एकाच बाजूचं बोलतोय. तुमी दोन्ही ऐकून बसलाय."

या गाड्या त्याला सापडतात कशा, हे ऐकण्यासारखे आहे. कागल, गडहिंग्लज, निपाणी या बाजूच्या एखाद्या जुन्या, बड्या घरात कोणी वारले की दत्ताजी दिवसकार्याला हजर असतो. मृताशी ओळख असण्याची त्याला आवश्यकता वाटत नाही. पांढरी टोपी घालून बसतो, मान हलवतो, पिंडाला कावळा शिवला की थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि विचारतो, "मागल्या शेडात ताडपत्रीखाली काय हाय म्हणायचं?" चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणा हौशी धाकट्या बंधूने मुंबईहून आणलेली, वर्षभर मिरवलेली आणि मग कडब्याखाली गाडली गेलेली एखादी मोटार तिथे असतेच, असा त्याचा सिद्धांत आहे. दुर्दैवाने तो अनेकदा खरा ठरला. एका गाडीच्या बॉनेटखालून कोंबडीची अंडी निघाली. ती त्याने खाल्ली.

मोटार टेंपोत घालून आणायची आणि थेट गोठ्यात लावायची, ही त्याची पद्धत. एका बाजूला म्हशी, दुसऱ्या बाजूला इटली. सुटे भाग परदेशातून मागवणे त्याला कमीपणाचे वाटते. उद्यमनगरातल्या लेथवाल्यापुढे नमुना नेऊन टाकतो आणि म्हणतो, "पावणं, असंच पायजे, पर ह्याच्यापरास जरा दणकट." कार्ब्युरेटर लावताना कानाला जनावरांना औषध पाजण्याची नळी लावून बसतो. डॅशबोर्डच्या लाकडाला म्हशीच्या शिंगांना चोळायचे तेल चोळतो. आसने त्याने चपला करणाऱ्या एका कारागिराकडून शिवून घेतली. त्यामुळे ताशी साठच्या वेगाने ही मोटार जाऊ लागली की नव्या पायताणासारखी करकर वाजते. एखाद्या इटालियन माणसाने हे पाहिले असते तर त्याने काय केले असते, याची मला कल्पना आहे. मी पाहिले, आणि अर्ज केला.

गाडी तयार झाली की विक्री. तीही सरळ नाही. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, त्याला आधी गोठ्यात नेऊन हरणीसमोर उभे करायचे आणि त्याच्या हाताने तिला पेंड द्यायची. हरणीने पेंड घेतली तर सौदा; नाही घेतली तर, "ऱ्हाऊ दे पावणं, चा घिऊन जावा." मोठमोठे लोक असे चहा पिऊन परत गेलेले मी माझ्या सज्जातून पाहिले आहेत. वस्तुतः ही म्हैस कोणाच्याही हातून काहीही खाते. ज्यांनी भिऊन हात मागे घेतला, तेवढेच नापास झाले.

एकच गाडी तो विकत नव्हता. कारण तिच्या बाबतीत त्याने अशी चूक केली होती, जी गवळ्याशिवाय कोणाच्या हातून होणार नाही. ही पिस्त्याच्या रंगाची गाडी गोठ्यात दुरुस्तीला असताना हरणी रेडकू होती. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या डोक्याशी इंजिन चालू. ती त्या आवाजात वाढली. पुढे पाडवा आला, दत्ताजीने आपली जुनी मोटारसायकल काढली, तर हरणी जागची हलेना. तेवढ्यात कोणी गंमत म्हणून गोठ्यातली मोटार चालू केली आणि हरणी दावे तोडून तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"विकायच्या गाडीवर म्हस लागली," हे तो मला सांगत असताना त्याला खेद झाल्याचे मुळीच दिसले नाही. त्या दिवसापासून गाडी विक्रीतून बाद झाली आणि आमच्या पाडव्याची शोभा झाली.

हे असेच चालले असते, पण गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, दत्ताजीने ती गाडी माझ्या फाटकावर घातली. फाटक आणि फाटकाचा एक खांब आडवा झाला. मी बाहेर आलो तेव्हा तो स्टिअरिंग धरून शांतपणे बसला होता.

"तुम्हाला फाटक दिसत नाही?" मी विचारले.

"फाटक रस्त्यावर आलंय तुमचं."

"फाटक त्याच जागी आहे, जिथे माझ्या वडिलांनी बसवले."

"मग असंल," तो म्हणाला. "ह्या बाजूचं मला न्हाय दिसत आताशा."

मी अर्जाचा मसुदा तयार केला, परंतु तो देण्याची वेळ आली नाही. त्याचा मुलगा सुनील कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. तो येऊन बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. एका डोळ्याची दृष्टी बरीच गेली होती, दुसऱ्याची जात होती. डॉक्टरांनी गाडी चालवण्यास मनाई केली. सुनीलने किल्ली खिशात घातली. दुसऱ्या दिवशी दत्ताजीने दोन तारा जोडून गाडी चालू केली. तेव्हा सुनील म्हणाला, "गाडी दारात हाय तवर आबा बसणारच. इकूनच टाकतो." कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने या निर्णयात मला कोणतेही वैगुण्य आढळले नाही.

गिऱ्हाईक पुण्याचे होते. बांधकाम व्यावसायिक, पांढरे बूट, पांढरा शर्ट. हरणीने पेंड घेतली आणि त्या शर्टाला नाक पुसले. "पसंत हाय," दत्ताजी म्हणाला, आणि खरेदीखताचा कागद करून घ्यायला मला बोलावले. मी या मनुष्यासाठी लेखणी उचलावी हे मला रुचणारे नव्हते; परंतु कागद चुकीचा होणे त्याहूनही कमी रुचणारे होते.

"एक कलम घाला, वकीलसाहेब," तो म्हणाला. "दर पाडव्याला ह्यांनी गाडी घिऊन यायचं. गल्लीपास्नं गंगावेशीपातूर. मग खुशाल जाऊ दे."

"विक्री झाल्यावर त्या वस्तूवर तुमचा असा हक्क राहत नाही."

"हक्क कुठं मागालोय? येऊ दे म्हणालोय."

"शुअर, शुअर, काका," पुण्याचे गृहस्थ म्हणाले. "आम्हाला देवीच्या दर्शनाला यायचंच असतं. लिहा तुम्ही, नो प्रॉब्लेम."

इतक्या सहज मान्य होणारे कलम पाळले जात नाही, हे मी कचेरीत पुष्कळ पाहिले आहे. सह्या होण्यापूर्वी गृहस्थ चहाला गेले, तेव्हा मी दत्ताजीला बाजूला घेतले. "हरणी आता भाकड आहे. दूध नाही. एका भाकड म्हशीसाठी तुम्ही खरेदीखत बिघडवता?"

त्याने वाकून पुढचा टायर दाबून पाहिला. "हिची आई हिला जन्म देऊन मेली," तो म्हणाला. "कारभारणीनं बाटलीवर जगवली. रातच्याला हिच्यापाशीच निजायची. ती गेली, आता तिच्या हातचं एवढंच ऱ्हायलंय." आणि लगेच, "म्होरल्या टायरात हवा कमी हाय, न्हवं?"

मी कलम घातले.

गाडी गेली त्या दिवशी दत्ताजीने तिला हळदकुंकू लावले, आणि ती गल्लीच्या तोंडाशी वळण्यापूर्वीच तो पाठ फिरवून शेण भरायला लागला. हरणी मात्र रस्त्याकडे तोंड करून उभी होती. आठवडाभर तिने वैरण चाखून सोडली. मग बसली ती फारशी उठेना. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांना काही सापडले नाही. सुनील कागलहून रोज कामावरून सुटल्यावर ओली वैरण घेऊन येई आणि तशीच ती सकाळी टाकून देई.

दिवाळी जवळ आली तेव्हा दत्ताजीने पुण्याला फोन लावला. उत्तर सर्वांना ऐकू आले, कारण फोनवर कोणते बटण दाबले जाते हे त्याला दिसत नसे आणि स्पीकर चालूच राही. "काका, ती आता कलेक्शनमध्ये आहे. काचेच्या हॉलमध्ये. इंजिनमधलं ऑइलसुद्धा काढून ठेवलंय. आता ती चालवायची नाहीये, फक्त बघायची आहे." मी त्या गृहस्थांना जे पत्र पाठवले, त्याइतके कडक पत्र मी दत्ताजीलाही कधी लिहिलेले नाही. उत्तर आले. फार सभ्य होते आणि निरुपयोगी होते.

सुनीलचा संयम संपला. "आबा, म्हस खाईना, उठंना. दुधाची न्हाय. डोळ्यानं दिसत न्हाय तुमाला, तुमी तिचं करणार किती? पाडव्याला भाईर निघाली तर ऱ्हाऊ दे. न्हायतर बाजारात घालतो."

"निघंल की," दत्ताजी म्हणाला.

पाडव्याच्या दुपारी मी फाटकात उभा होतो. दत्ताजीने हरणीला सजवले होते, आणि ती सजावट पाहवत नव्हती. एका शिंगाचा रंग कपाळावर उतरला होता, मोरपिसे सगळी एकाच बाजूला. सुनीलने गेल्या पाडव्याचे चित्रण मोबाइलवर शोधले होते. मोठा स्पीकर आणून त्याने त्यातला मोटारीचा आवाज गल्लीभर सोडला. हरणी उठली. सगळ्यांना आशा वाटली. ती चालत स्पीकरपाशी आली, त्याला हुंगले, चाटले आणि तिथेच बसली.

"बघितलं न्हवं, आबा?" सुनील म्हणाला, आणि टेंपोवाल्याला फोन करायला घरात गेला.

दत्ताजीने चाचपडत स्पीकरची वायर काढली. मग तो चार पावले पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध, हरणीकडे पाठ करून उभा राहिला. गुडघे किंचित वाकवले. दोन्ही हात समोर धरले, हातांत काही नव्हते. आणि तो खोकला. दोनदा. मला वाटले ढास लागली. तिसऱ्या खोकल्याला इंजिन लागले.

दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. तो आवाज मी वर्षानुवर्षे ऐकला होता, त्याचे वर्णन अनेक अर्जांत केले होते, आणि तो सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाच्या घशातून जसाच्या तसा येत होता. एक कार्ब्युरेटर जरा मागे, एक जरा पुढे, मध्येच सुटणारा ठोका. नळी कानाला लावून जे काही त्याने ऐकले असेल, ते सगळे त्यात होते. त्याने डावा पाय दाबला, हाताने गिअर टाकला आणि तो चालू लागला.

गल्लीतली पोरेसोरे हसली, आणि मग हसायची थांबली. हरणीने कान उभे केले. आधी पुढचे पाय, मग मागचे. कवड्या खळखळल्या.

या खेळात मालकाने मागे वळून बघायचे नसते. बघितले की म्हैस थांबते, असे हे लोक मानतात. बघूनही दत्ताजीला काही दिसले नसते. आणि स्वतःच्याच आवाजात त्याला कवड्याही ऐकू येत नसाव्यात. माझ्या फाटकासमोर आल्यावर त्याचा दम संपला. आवाज थांबला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तोंड समोरच ठेवून, हात तसेच हवेत धरून, मी ज्या बाजूला असेन असे त्याला वाटले, त्या बाजूला तो हळूच बोलला.

"वकीलसाहेब, हाय का मागं?"

हरणी त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर होती. तिचा श्वास त्याच्या सदऱ्याला लागत असावा, पण ते तो मानायला तयार नव्हता. सुनील फोन कानाला लावून दारात आला होता. त्याने तो खाली केला.

"आहे," मी सांगितले. "अगदी मागे आहे. तुम्ही थांबू नका."

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि पुढचा गिअर टाकला.