उंबऱ्यात अडकलेलं गाणं

माणिकरावांनी अकोल्याहून बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेयर आणला आणि अमडापुरात उकंडरावांची झोप उडाली. कारण प्लेयरबरोबर एक मोठी तबकडीही आली होती. पंधरा वर्षांपूर्वीच्या एका सिनेमाची सगळी गाणी कंपनीने तिच्यावर पुन्हा काढली होती. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची जुनी तबकडी गावात फक्त उकंडरावांकडे होती. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की माणसं त्यांच्या ओसरीवर चावीच्या ग्रामोफोनवर ते गाणं ऐकायला येत. एरवी वांग्याच्या भावावरून हुज्जत घालणारेही तेवढा वेळ त्यांना ‘उकंडभाऊ’ म्हणत.

गाण्यातली बाई दिवा घेऊन उंबऱ्यात नवऱ्याची वाट पाहते. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तबकडीला ओरखडा होता. “उंबऱ्यात, उंबऱ्यात, उंबऱ्यात” असं तीनदा झालं की उकंडरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई उठून बोटाने सुई ढकलायच्या आणि गाणं थेट शेवटच्या ओळीवर जायचं. अख्ख्या गावाला ते तसंच पाठ होतं.

माणिकरावांच्या कापडदुकानात सगळे जमले. उकंडराव दाराजवळच बसले.

“गोडवा नाही,” ते म्हणाले.

“अजून सुई टेकवली नाही, भाऊ!” माणिकराव म्हणाले.

गाणं सुरू झालं. आवाज इतका स्वच्छ की बाई कापडाच्या गठ्ठ्यामागेच उभी असावी. माणसं माना डोलवू लागली. नेहमीची जागा आली तशी सगळ्यांनी एका सुरात साथ दिली, “उंबऱ्यात, उंबऱ्यात, उंबऱ्यात!”

तबकडी कोणासाठी थांबली नाही. त्या कल्लोळाखालून काही अनोळखी ओळी निघून गेल्या.

“हे मधातलं काय होतं बे?” मिरचीचा व्यापारी कडूबा म्हणाला. “म्या खामगावले दोनदा पाह्यला सिनेमा. असं काहीच नव्हतं.”

“दोन्ही खेप झोपला होता तू,” माणिकराव म्हणाले.

उकंडरावांच्या चेहऱ्यावर रंग आला. “कंपनीनं भेसळ केली. जुना माल जशाचा तसा कोण देते?”

“भेसळ? आणा तुमची तबकडी. याच मशीनवर लावू. मधातलं कडवं तिच्यात नाही निघालं, तं ही नवी परत अकोल्याले. निघालं, तं बाजाराच्या दिवशी गाणं माह्या दुकानात!”

“हाव, मंजूर!”

उकंडरावांनी तबकडी उपरण्यात गुंडाळून आणली. मागोमाग अन्नपूर्णाबाईही आल्या. माणिकरावांनी जुन्या तबकडीसाठी सुई बदलली, गती वाढवली. ओरखडा आला. सवयीने अन्नपूर्णाबाईंचं बोट वर झालं. पण त्या यंत्राची हलकी सुई एकदाच थरथरली आणि पुढे सरकली.

गाण्यातल्या बाईने उंबरा ओलांडला. अंगणात आली. बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला आणि सनईवर एक सूर इतका उंच गेला की कडूबाने नकळत छताकडे पाहिलं. नवरा परत आला होता.

गाणं संपलं. जिंकल्याचं माणिकरावही विसरले.

“म्हंजे तो आला होता,” कडूबा म्हणाला.

“पंधरा वर्षं मीच त्याले येऊ नाही देलं,” अन्नपूर्णाबाई पुटपुटल्या.

उकंडरावांनी तबकडी दोन्ही हातांत धरली. इतकी वर्षं ते कडवं त्यांच्याच घरात होतं.

ठरल्याप्रमाणे पुढच्या बाजाराला त्यांनी ग्रामोफोन बाहेर काढला नाही. तरी अंधार पडायच्या आत ओसरी भरली. शेवटी माणिकरावही दुकान बंद करून आले.

“तुमच्याकडं तं सरळ वाजते,” उकंडराव म्हणाले. “मंग इकडं काऊन?”

“तिकडं तो लगेच घरी येते हो,” माणिकराव म्हणाले. “वाट पाह्याले भेटतच नाही.”

उकंडरावांनी ग्रामोफोन आणला, चावी भरली. गाणं नेहमीच्या जागी आलं आणि अडकलं. तीनदा झालं. अन्नपूर्णाबाई उठल्या नाहीत. बाई “उंबऱ्यात, उंबऱ्यात” म्हणत राहिली आणि माणसं श्वास रोखून भोंग्याकडे पाहत राहिली. हळूहळू स्प्रिंग उतरली, आवाज जाड झाला, थांबला.



“भरा हो चावी,” कडूबा हळूच म्हणाला. “आता जवळच आला असन.”