जैतोजी राजांचा वास हरपला ते समयीची हकीकत

श्री. ज्याने फुलांस गंध दिला, फळांस रस दिला आणि माणसास त्या दोहोंची ओढ लाविली, त्या नारायणास आधी दंडवत. मग सरस्वतीस, की लेखणीने घडले त्याहून अधिक लिहू नये. मग वाचणारांस, की त्यांनी थोडका धीर धरावा. शके सतराशे बावन्न, विकृती नाम संवत्सर, ते साली जे वर्तले ते लिहितो. राज्य कोणते ते लिहिण्याची परवानगी नाही. डोंगराचे कुशीत होते, उत्तरेस नदी होती, नदीपलीकडे दुसरे राज्य होते, इतके पुरे.

ते समयी आमचे गादीवर श्रीमंत जैतोजी राजे होते. राज्यात दारूखाने दोन, एकात तोफेची दारू आणि दुसऱ्यात पेल्याची, आणि राजांचे पाय दुसऱ्याकडे अधिक वळत. परंतु कोणी ऐसे समजू नये की राजे व्यसनी होते. पिणे थोडके आणि तोलणे बहुत, ऐसा त्यांचा स्वभाव. शनिवारी तिसरे प्रहरी बागेत मजलिस बसे, आणि पेयांची व्यवस्था पाहणारा अबदार लहान लहान पेले मांडी, आणि राजे एकेक पेला नाकाशी धरून डोळे मिटीत आणि सर्वांचे आधी बोलत. बंदरावरून टोपीकरांची व्हिस्की येई, तिच्या दोन जाती राजांनी जवळ बाळगिल्या होत्या. एकीस धुराचा वास, कारण तिचे मुलखात दलदलीची माती वाळवून तिचे जळणावर धान्य सुकवितात. दुसरी मधासारखी, द्राक्षाचे आसवाच्या जुन्या पिंपात मुरविलेली. राजे म्हणत, "पहिली आधी भांडते आणि मग मैत्री करिते. दुसरी आधीच मैत्री करिते, पुढे तिजपाशी बोलावयास काही उरत नाही." काजूची फेणी घेतली तर म्हणत की ही बाजारातली बाई आहे, दुरून हाक मारते, पण मनाची साफ. मग सेनापती हैबतराव, जे राजांचे दूधभाऊ होते, ते आपली पहिल्या धारेची मोहाची दारू पुढे करीत आणि म्हणत, "महाराज, विलायतेचे कौतुक पुरे, आता घरचे माणूस पाहा." आणि राजे हसत आणि तिलाही न्याय देत. मजलिशीत तिसरे नारो त्रिमळ फडणीस. त्यांचे घरी सोवळे कडक, थेंब कधी जिभेस लाविला नाही, परंतु पेल्याचा वास घेत आणि अचूक सांगत की पिंप कोणते आणि साल कोणते. कोणी हटकले तर म्हणत, "वास घेणे हाही शास्त्रात दोषच आहे, त्याचे प्रायश्चित्त आम्ही एकादशीस उरकतो."

आता नदीपलीकडचे राज्याचा मजकूर. तेथे राजे कान्हराव, वयाने वृद्ध, बोलणे तुटक, मिशा पांढऱ्या. दोन्ही घराण्यांचे आजे नदीकाठचे कुरणांसाठी लढले होते आणि लढता लढता दोन्हीकडची गावे ओस पडली होती. मग दोघे थकून नदीचे वाळवंटात समोरासमोर आले, आणि पाणी मागावयाची लाज वाटली म्हणोन एकमेकांची दारू मागितली, आणि विष असेल की नसेल याचा विचार न करिता प्याले. तेथे तह जाहला. त्याची आठवण म्हणोन दरसाल कार्तिकात दोन्ही राजांनी वाळवंटी भेटावे, पाच पेले मांडावे, त्यात एक पेला दुसऱ्याचे घरचा असावा, आणि तो प्रत्येकाने ओळखून त्याविषयी दोन शब्द बोलावे, ऐसा रिवाज पडला. न ओळखिला तर आमचे घर विसरला, तह मोडला, ऐसा अर्थ. हा शब्द कोणी खरा करील ऐसे वाटले नव्हते. परंतु कान्हरावांचे पदरी आबाजी विश्राम म्हणोन दिवाण होते, त्यांस कुरणे पाहिजे होती, आणि ते दरसाल वाळवंटावर येऊन आमचे राजांचे तोंडाकडे मांजरासारखे पाहात बसत.

ते साली श्रावणात राजांस ताप आला. ताप बहुत दिवस राहिला आणि मग उतरला, आणि राज्यात साखर वाटली. परंतु देवपूजेस केवड्याचे कणीस हाती घेतले तो राजांस वास नाही. पडसे असेल म्हणोन दिवस काढिले. पडसे गेले आणि वास आला नाही. मग राजांनी कोणास सांगितले नाही आणि शनिवारची मजलिसही मोडिली नाही. पूर्ववत पेला नाकाशी धरीत, डोळे मिटीत, आणि मग इतरांस विचारीत, "तुम्हास कैसे वाटते?" आणि त्यांचे शब्द ऐकोन त्यातच आपले दोन मिळवीत. कोणाचे ध्यानी आले नाही. हैबतरावांचे ध्यानी इतकेच आले की जे राजे आधी बोलत ते आता शेवटी बोलतात. मग एके शनिवारी उदबत्तीची ठिणगी राजांचे पाठीमागील लोडास लागली आणि आतला कापूस धुमसू लागला, आणि वासाने मंडळी दचकून उठली, आणि राजे पेला नाकाशी धरून तैसेच बसले होते. अबदाराने पाणी ओतून लोड विझविला. मंडळी पांगली तेव्हा हैबतराव मागे राहिले आणि म्हणाले, "दादासाहेब, लोड जळत होता."

राजे म्हणाले, "पाहिले की."

"पाहिले, परंतु आम्ही उठल्यावर."

मग राजे म्हणाले, "श्रावणापासून काही नाही, हैबती. फुलाचा नाही, मातीचा नाही. राणीसाहेब जवळ येऊन बसतात आणि डोळे मिटले तर कोणी आलेच नाही. व्हिस्की घेतो तर जिभेस चटका लागतो, थोडे गोड लागते, थोडे कडू लागते, आणि त्यापलीकडे भिंत. ज्या पेल्याशी मी तास तास बोलत होतो, तो आता माझेकडे पाठ करून बसतो."

हैबतरावांचे डोळे भरले, परंतु ते शिपाई गडी, म्हणाले, "वैद्य करू."

"वैद्य जाहले. तूप नाकात सोडिले, धुरी घेतली. आता कार्तिक जवळ आला, आणि आबाजी दिवाण वाळवंटावर बसणार."

मग दोघांनी विचार करोन तजवीज ठरविली ती ऐसी, की हैबतरावांनी राजांचे उजवे हाती बसावे, प्रत्येक पेल्याचा वास आधी आपण घ्यावा, आणि कान्हरावांचे घरचा पेला आला म्हणजे मिशीस पीळ द्यावा. बोलण्याचे शब्द मागील सालचेच फिरवून बोलावे. राजांस हे रुचले नाही, परंतु दोन्ही काठांवर पिके उभी होती, आणि लढाई जाहली तर कापणीस माणूस उरणार नाही, हेही दिसत होते, म्हणोन हो म्हणाले.

कार्तिकात भेट जाहली. वाळवंटी दोन बैठका समोरासमोर घातल्या, मध्ये चौरंग, चौरंगावर पाच चांदीचे पेले. कान्हराव आले ते काठी टेकीत आले, मागील सालाहून थकलेले दिसले. आबाजी दिवाण त्यांचे मागे बसले. आधी कान्हरावांनी आमची गुळाची, बडीशेप घातलेली दारू ओळखिली आणि म्हणाले, "ही तीच. सणाचे घरासारखी." यापलीकडे ते कधी बोलत नसत. मग राजांची पाळी आली. पहिला पेला आला, हैबतराव स्वस्थ. दुसरा आला, हैबतराव स्वस्थ. तिसरा आला आणि हैबतरावांचा हात मिशीकडे गेला. राजांनी पेला उचलिला, जिभेवर एक थेंब घेतला, आणि मागील सालचे शब्द ओठांवर आणिले. तो समोर दृष्टी गेली. कान्हराव पुढे वाकले होते. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून, लहान पोर आपले चित्र दाखवून उभे राहते तैसा ऐकावयास थांबला होता. राजांनी पूर्वी हे कधी पाहिले नव्हते, कारण पूर्वी ते वेळी त्यांचे डोळे मिटलेले असत.

राजांनी पेला खाली ठेविला आणि म्हणाले, "कान्हराव काका, पेला तुमचा आहे हे मला ठाऊक आहे, परंतु मी ओळखिला नाही. माझे सेनापतीने मिशीस पीळ दिला म्हणोन ठाऊक आहे. श्रावणातले तापाने माझा वास गेला. आज तुमचे घरची दारू आणि नदीचे पाणी यांत मला इतकेच अंतर आहे की एकीने जीभ पोळते."

हैबतरावांनी मान खाली घातली. आबाजी दिवाण ताडकन उठले आणि म्हणाले, "ऐकिले ना, महाराज? न ओळखिता ओळखण्याचा बेत करून आले होते. रिवाज काय तो स्पष्ट आहे. तह मोडला!" आणि दोन्हीकडचे शिपायांचे हात कमरेस गेले.

कान्हराव म्हणाले, "बसा."

"परंतु महाराज..."

"आबाजी, बसा म्हटले." मग ते जैतोजी राजांकडे वळले आणि म्हणाले, "काहीच नाही?"

"काहीच नाही, काका."

"मोगऱ्याचा?"

"नाही."

"पावसाचा?"

"यंदा भाद्रपद माझेवाचूनच गेला."

तेव्हा कान्हराव काठी टेकून उठले, आणि मधला चौरंग ओलांडून आमचे बैठकीवर येऊन राजांचे शेजारी बसले, आणि तिसरा पेला हाती घेतला. हे पूर्वी कधी घडले नव्हते. मग म्हणाले, "मी सांगतो. मला बोलता येत नाही, तरी सांगतो. आमची दारू मोहाचीच, पण फणसाचे लाकडाचे पिंपात ठेवितो. आधी वास येतो तो... लाकडाचा येतो. नवे दार बसविले म्हणजे घरात येतो तैसा. मग..." आणि थांबले. कपाळास घाम आला. "मग आमचे वडिलांचे पागोट्याचा येतो. ते दौऱ्यावरून येत आणि पागोटे माझे डोक्यावर ठेवीत, त्यात घाम आणि तंबाखू आणि ऊन. आणि शेवटी, जैतोजी बाबा, शेवटी गोड येतो, पण उशिरा येतो. आई रागावली म्हणजे उशिरा जवळ घेई, तैसा." इतके बोलून म्हाताऱ्याने पेला राजांचे हाती दिला आणि म्हणाला, "आता घ्या."

राजांनी घोट घेतला. जिभेस पूर्वीसारखाच चटका लागला, परंतु पलीकडे भिंत नव्हती, तेथे पागोटे घातलेले एक पोर उभे होते. राजांचे डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ते पुसले नाही. मग म्हणाले, "इतकी सुंदर आहे हे मला नाक असताना समजले नाही."

कान्हरावांनी तेथेच सांगितले की ओळखण्याचा रिवाज आजपासून बंद, पुढे ज्याने त्याने आपले पेल्याविषयी सांगावे आणि दुसऱ्याने ऐकावे. आबाजी दिवाणांनी पुष्कळ खटपट केली, परंतु त्यांस तह मोडावयास निमित्त उरले नाही, आणि पुढील साली ते तीर्थयात्रेस गेले ते तिकडेच राहिले.

त्यानंतर आमचे मजलिशीची तऱ्हा फिरली. फडणीस नारो त्रिमळ, ज्यांस वास होता आणि चव वर्ज्य, ते राजांचे शेजारी बसू लागले. आणि राजे, ज्यांस चव होती आणि वास नाही, ते त्यांस विचारू लागले. नारोपंत धुराचे व्हिस्कीचा पेला नाकाशी धरीत आणि म्हणत, "स्मशानाचा नव्हे महाराज, होळीचे दुसरे दिवसाचा, राख भिजल्यावरचा." आणि राजे घोट घेऊन म्हणत, "आणि जिभेस थोडी खारट, नारोपंत, मिठागरावरून वारा यावा तैसी." तेव्हा नारोपंत नवल करीत, कारण दारूतले खारटपण त्यांनी कधी जाणिले नव्हते. दोघे मिळून एक रसिक जाहले. हैबतरावांस वर्णन येत नसे, ते मोहाचे दारूस नुसते "आपली आहे" म्हणत, आणि राजे म्हणत की हेही कळले. व्हिस्की थोर की मोह थोर हा वाद पूर्वी दर शनिवारी होई, तो आता होईना. कारण पेला कोणता यापेक्षा सांगतो कोण, याकडे राजांचे ध्यान लागले होते.

ऐसी कित्येक साले गेली. कान्हराव फार थकले, स्मरण जाऊ लागले, तरी पालखीतून वाळवंटी येत. एके साली अबदाराचे हातून पेल्यांची अदलाबदल जाहली आणि कान्हरावांचे हाती आपला म्हणोन फेणीचा पेला आला. म्हाताऱ्याने तो नाकाशी धरिला आणि सांगू लागला, नवे दार, वडिलांचे पागोटे, उशिरा येणारी आई. फेणीचा वास बैठकभर पसरला होता. नारोपंतांचे नाकपुडीस तो लागला आणि ते बोलावयास उठणार, इतक्यात राजांनी त्यांचे गुडघ्यावर हात ठेविला. राजांनी अद्याप घोट घेतला नव्हता. हैबतराव उजवे हाती होते, त्यांनी तो हात पाहिला आणि मग राजांचे तोंडाकडे पाहिले, आणि समजले की राजांस वास येतो आहे, आणि आज प्रथमच येतो ऐसेही नाही.

कान्हरावांनी सांगणे पुरे केले आणि पेला राजांस दिला. राजांनी फेणीचा घोट घेतला आणि म्हणाले, "तैसीच आहे, काका. तुम्ही सांगितली तैसीच." म्हातारा सुखावला आणि पालखीत जाऊन निजला. परतताना घोडी जवळ आली तेव्हा हैबतराव हळूच म्हणाले, "दादासाहेब, केव्हापासून?"

राजे म्हणाले, "दोन वर्षे होतील. वास आला म्हणोन कळले तर काका आणि नारोपंत सांगणे बंद करतील, हैबती." आणि हैबतरावांनी घोडे पुढे काढिले आणि राजे होते तोवर ही गोष्ट कोणापाशी काढिली नाही.

ऐसा हा प्रसंग. तह टिकला, कुरणे दोघांनी वाटून घेतली, पेले अनेक रिते जाहले आणि सांगणारे एकेक करून गेले. ज्याने पाहिले त्याने सांगितले, ज्याने ऐकिले त्याने लिहिले. येथे लेखणी ठेविली.